पहिलं सीएनसी मशीन घेताना: मकरपुऱ्यातल्या आमच्या शेडचा अनुभव

"स्पिंडलची मजुरी आता ६२ रुपये. जमत असेल तर कळवा." २०२२च्या दिवाळीनंतर आमच्या सर्वांत जुन्या ग्राहकाच्या परचेसमधून आलेला हा फोन. व्हॉल्व्ह उघडणारा-बंद करणारा तो दांडा, म्हणजे स्पिंडल, आम्ही ९५ रुपयांत करत होतो. माल त्यांचा, मजुरी आमची. आमच्या लेथवर एका नगाला २२ मिनिटं लागायची. राजकोटच्या एका युनिटमध्ये तोच नग सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर, सात मिनिटांच्या आत निघत होता, आणि प्रत्येक लॉटबरोबर मापांचा रिपोर्टही जात होता.

आमचं घर बडोद्यात दांडिया बाजारात, शेड तिथल्याच मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी). सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या कलाभवन या तंत्रशिक्षणाच्या शाळेत आजोबा शिकले. बाबांनी दोन जुन्या लेथवर धंदा उभा केला. हातात कसब असलं की काम चालत येतं, हे ऐकत मी मोठा झालो, त्यामुळे तो फोन मला फार लागला. बाबांनी मात्र तासाभरात विचारलं, "मशीन केवढ्याला पडेल?"

२८ लाख. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी पाच लाख. हा जीएसटी पुढे आपल्या बिलांवरच्या जीएसटीतून वळता होतो, पण हळूहळू; मशीन येण्याआधी मात्र तो रोख भरावा लागतो. बँकेने मशीनच्या किमतीच्या ७५ टक्के कर्ज देऊ केलं, म्हणजे स्वतःचे १२ लाख उभे करायचे. नव्याने मशीन घेणाऱ्यांनी हा आकडा आधी मांडावा. आम्ही हप्त्याचा हिशेब केला होता, याचा नव्हता. आईचे दागिने ठेवून ती वेळ निभावली.

घर गहाण ठेवायची वेळ आली नाही, कारण कर्ज सीजीटीएमएसई या लहान उद्योगांसाठीच्या सरकारी हमी योजनेखाली मिळालं. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, लागते. ती आधारवर घरबसल्या आणि फुकट होते, एजंटाला एक रुपयाही देऊ नका. तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटी रिटर्न, मशीनचं कोटेशन आणि प्रोजेक्ट रिपोर्ट एवढं बँकेने मागितलं. हमीची फी दरवर्षी भरावी लागते, ती खर्चात धरा. मंजुरीला अडीच महिने गेले. त्या काळात विजेचा वाढीव लोड, विजेचा दाब स्थिर ठेवणारा सर्व्हो स्टॅबिलायझर आणि मशीनखालचं काँक्रीट ही कामं उरकून घेतली.

मशीन आलं आणि माझी खरी चूक तिथून सुरू झाली. मी आयटीआय झालेला एक तरुण ऑपरेटर ठेवला आणि आमच्या मिस्त्रीकाकांना जुन्या लेथवरच राहू दिलं. त्यांचं वय ५८, प्रोग्रॅमिंग त्यांना कशाला, असं मला वाटलं. पहिल्या तीन महिन्यांत शंभरातले अकरा-बारा नग रिजेक्ट होत होते. जॉब, म्हणजे मशीनवरचा नग, लांब आणि बारीक, माल एसएस ४१० हे स्टेनलेस स्टील, आणि मधल्या भागावर लाटांसारख्या खुणा उमटायच्या. पोरगा स्क्रीनवर ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) बदलत राहायचा, पण माप बदललं तरी खुणा तशाच.

एका दुपारी काका मागे येऊन उभे राहिले. दोन नग होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांभळ, आ बोले छे." (ऐक, हे बोलतंय.) मशीनचा आवाज ऐकून त्यांनी ओळखलं होतं की जॉब पकडणाऱ्या चकच्या बाहेर तो थरथरतोय. त्यांनी जॉबच्या मोकळ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार द्यायला लावला, टूलचा इन्सर्ट (कापणारी बदलती पाती) टोकाला ०.८ मिमी रेडियसऐवजी ०.४चा घ्यायला लावला आणि स्पीड उतरवला. रेडियस लहान झाला की जॉबवर आडवा दाब कमी येतो. मात्र फिनिश टिकवायला फीडही (टूल पुढे सरकण्याची गती) थोडी कमी करावी लागते. संध्याकाळपर्यंत खुणा गेल्या.

सकाळचे पहिले नग मापात का बसत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. थंड मशीन आणि तापलेलं मशीन यांचं माप एक येत नाही. तेव्हापासून आम्ही सकाळी वीस मिनिटं मशीन रिकामं फिरवतो, मगच पहिला नग लावतो.

दुसऱ्या दिवशी मी काकांना सीएनसीवर आणलं. जी-कोड, म्हणजे मशीनच्या प्रोग्रॅमची भाषा, पोराने त्यांना शिकवला, कटिंग त्यांनी पोराला. काका गुजरातीत सांगतात, पोरगा वहीत मराठीत उतरवतो. दोन महिन्यांत रिजेक्शन शंभरात दोनवर आलं. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. काकांची मी माफी मागितली.

मग भाव. बाबा अंदाजाने भाव द्यायचे. मी मशीनचा तासाचा खर्च काढला: हप्ता ४६ हजार, दोन पाळ्यांचे पगार ३६, वीज १८, इन्सर्ट-कूलंट-देखभाल २८, भाड्याचा वाटा १२. महिन्याला एक लाख ४० हजार. २५ दिवस, रोज खरे १४ तास धरले तर तासाला ४००. एकाच पाळीत चालवलं तर हाच आकडा साडेपाचशेच्या वर जातो. आमचा नग आता तासाला नऊ निघतो, म्हणजे नगामागे ४५ रुपये. ६२ला काम परवडतं, पण दोन्ही पाळ्या भरलेल्या असतील तरच.

पैसे वेळेवर येणं ही वेगळी लढाई. एक ग्राहक ११० दिवस लावायचा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं करावं, असं २००६चा एमएसएमई कायदा सांगतो, आणि एप्रिल २०२४पासून उशिरा दिलेली रक्कम खरेदीदाराला ती प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापतो. त्या ग्राहकाचे पैसे आता साठ दिवसांच्या आत येतात. पंचेचाळीसवर अजून आलेले नाहीत, पाठपुरावा चालू आहे.

स्पिंडलची ऑर्डर परत आमच्याकडे आहे. गेल्या महिन्यात त्याच ग्राहकाने नवं ड्रॉइंग पाठवलंय. त्यात पृष्ठभागाची फिनिश आणखी बारीक मागितली आहे, नुसत्या टर्निंगने (जॉब फिरवून कापण्याने) ती येईल असं वाटत नाही. काकांनी जुन्या ग्राइंडरवर दोन नमुने करून ठेवलेत. सोमवारी ते तपासायला पाठवतो.