मुंबई–नागपूर विमानाने: हवेत तासभर, घर ते घर पावणेसहा

डिसेंबरात मावसबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला नागपूरला जाऊन आलो. तिकीट काढताना साधा हिशेब केला होता. हवाई अंतर जेमतेम ६८५ किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ८०० धरला तर तासाच्या आत पोचायला हवं. तिकिटावर बघतो तर दीड तासाच्या वर. बायको म्हणाली, "मधे चहाला थांबतं की काय?"

विमानात बसल्यावर कारण कळलं. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि तिकडे जागेवर उभं राहिलं की संपतो. आमचं सात वीसचं. सात पंचविसाला मागे ढकललं, मग मुंगीच्या चालीने धावपट्टीकडे. पुढे रांगेत चार विमानं मोजली. सात चव्वेचाळीसला चाकं सुटली, तीही उलट्या दिशेला! नागपूर पूर्वेला आणि आम्ही जुहूच्या समुद्रावर. मुंबईत बहुतेकदा पश्चिमेकडे तोंड करूनच उडतात, मग वळसा घेऊन माघारी. तरी आठ एक्कावन्नला सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरलो. उशिरा सुटूनही वेळेवर, कारण रांग आणि वळसा वेळापत्रकात आधीच धरलेले असतात.

आता खरा हिशेब. डोंबिवलीहून पहाटे चारला निघालो, नागपुरात धंतोलीत पावणेदहाला चहा. रेल्वेने हेच अंतर ८३७ किलोमीटर पडतं, दुरांतोला साधारण अकरा तास. पण ती रात्री झोपेत नेते, हे विसरू नका. एकट्याने, हलक्या सामानाने जायचं आणि तिकीट मिळत असेल, तर मी दुरांतोच घेईन.

विमानानेच जाणार असाल तर सकाळचं पहिलं घ्या. परतीला मी संध्याकाळचं घेतलं आणि फसलो. आमचं विमान दिल्लीहून यायचं होतं, तिकडे धुकं. इकडे नागपूरचं आभाळ लख्ख आणि आम्ही सव्वा तास खुर्च्या झिजवतोय. शिवाय मुंबईत उतरायला जागा नाही म्हणून घिरट्या घातल्या त्या वेगळ्याच.

तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई) ते नीट बघा, आता नवी मुंबईचाही विमानतळ आहे. बीओएम असेल तर टर्मिनल एक की दोन तेही बघा. बॅग द्यायची असेल तर काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवा. सकाळी जाताना डावीकडची खिडकी मागा, हिवाळ्यात ऊन उजवीकडून डोळ्यांवर येतं. नागपूर मेट्रोचं 'एअरपोर्ट' स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दाराशी नाही. बॅगा असतील तर रिक्षा करा.

मावसोबांनी एक गंमत सांगितली. १९४९ साली रात्रीची टपाल विमानं सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारही दिशांची विमानं मध्यरात्री याच सोनेगावला जमायची, पोती अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची.

येताना संत्रा बर्फीचे चार डबे आणले. बॅग १५ किलोच्या वर सातशे ग्रॅम भरली, म्हणून दोन डबे काउंटरसमोरच हातातल्या पिशवीत गेले. त्यातला एक घिरट्यांमध्ये संपला.