मजेशीर गाणं कुठलं घेऊ?

मॅनहॅटनमध्ये गाणाऱ्यांना मी पियानोची साथ करते. मुक्काम न्यू जर्सीत, सुटकेसमध्ये नोटेशनच्या फायली, आणि आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी बसने नदीपलीकडे. एक प्रश्न मला सतत येतो: "कॅबरेच्या कार्यक्रमात एक तरी मजेशीर गाणं हवं. कुठलं घेऊ?" हल्ली मराठी घरांतल्या मुलीही हे विचारतात. फोनवर त्यांच्या मागून आईचा आवाज येतो, "कॅबरे? म्हणजे कसला कार्यक्रम?"

तर आधी आईला उत्तर देते. आपल्याला कॅबरे म्हटलं की हिंदी सिनेमातली हेलन आठवते. न्यूयॉर्कमध्ये कॅबरे म्हणजे लहानशी अंधारी खोली, एक पियानो, एक गाणारा माणूस आणि तासाभराचा कार्यक्रम. अशी एक जागा, शेहेचाळिसाव्या रस्त्यावरचं 'डोन्ट टेल मामा', १९८२ पासून चालू आहे. 'स्टुडिओ ५४' या थिएटरच्या तळघरातलं 'फिफ्टी-फोर बिलो' २०१२ साली सुरू झालं. गाणी बहुतेक ब्रॉडवेच्या संगीत नाटकांतली असतात. पहिलं टेबल गायिकेपासून हातभर अंतरावर. समोरच्या माणसाच्या ग्लासातला बर्फ हललेला तिला ऐकू येतो.

हे अंतर नीट लक्षात घ्या, गाणं निवडताना तेच कामाला येतं.

ब्रॉडवेच्या मोठ्या थिएटरात विनोदी गाण्याच्या मागे अख्खं नाटक उभं असतं. ती बाई कोण, तिचा नवरा कसा, आधीच्या प्रवेशात काय झालं, हे प्रेक्षकाला तासाभरात कळलेलं असतं. कॅबरेत यातलं काहीच नसतं. तुम्ही दोन वाक्यं बोलता आणि गाण्याला सुरुवात करता. म्हणून माझी पहिली चाळणी हीच: नाटक न पाहिलेल्या माणसाला या गाण्यातली बाई पहिल्या चार ओळींत दिसते का? नसेल दिसत, तर गाणं कितीही गाजलेलं असो, बाजूला ठेवा.

एक उदाहरण देते. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने 'कंपनी' या १९७०च्या नाटकातलं 'गेटिंग मॅरीड टुडे' निवडलं होतं. स्टीफन साँडहाइमचं गाणं, लग्नाच्या सकाळी घाबरून गेलेल्या नवरीचं, एका श्वासात पानभर शब्द. तिने दोन महिने घासून घासून तयारी केली. एक अक्षर गाळलं नाही. कार्यक्रमात टाळ्या भरपूर पडल्या, पण हशा एकदाही आला नाही. ती हिरमुसली, आणि मलाही फार वाईट वाटलं, कारण मेहनतीत कसूर नव्हतीच. नाटकात त्या नवरीच्या आजूबाजूला इतर जण संथ, चर्चमधल्यासारखं पवित्र गात असतात. त्या संथपणावर तिची धडधड आदळते, आणि हसू तिथे फुटतं. एकटी गायिका ते म्हणते तेव्हा लोकांना उरतो तो फक्त वेग. लोक तिच्या जिभेचं कौतुक करत बसतात, त्या नवरीची भीती त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

पुढच्या कार्यक्रमासाठी मी तिला 'अॅडलेड्स लॅमेंट' दिलं. मला विचाराल तर एकट्या बाईसाठी याहून चांगलं विनोदी गाणं ब्रॉडवेने फार थोडं लिहिलंय. नाटक 'गाईज अँड डॉल्स', साल १९५०, शब्द आणि चाल दोन्ही फ्रँक लोसरची, आणि व्हिव्हियन ब्लेनने ते पहिल्यांदा गायलं. अॅडलेड नाइटक्लबात गाते. साखरपुडा होऊन चौदा वर्षं झाली, होणारा नवरा लग्नाची तारीख काढत नाही. तिची सर्दी हटत नाही. एक दिवस ती मानसशास्त्राचं जाडजूड पुस्तक घेऊन बसते आणि वाचते की लग्न लांबलेल्या बायकांना म्हणे असे आजार होतात. आधी ती ते अवघड शब्द अडखळत, एकेक करून वाचते. मग मान वर करून आपल्या भाषेत स्वतःलाच समजावते: म्हणजे, नुसती लग्नाची वाट पाहूनही माणसाला सर्दी होऊ शकते.

यात एकही कोटी नाही. तिला जे कळतंय ते तिच्या दृष्टीने भयंकर खरं आहे. आपण हसतो आणि त्याच क्षणी आपल्याला तिची दया येते.

तालमीत ती मुलगी आधी रुमाल काढायची, नाक पुसायची, शिंकायची. मी सगळं काढून टाकायला लावलं. हातात फक्त पुस्तक. पहिलं कडवं झालं की पान उलटायचं, आणि उलटताना पुढच्या ओळीची खरोखर धास्ती वाटली पाहिजे. कार्यक्रमाच्या रात्री तिने पान उलटलं, नजर खाली गेली, आणि एक शब्दही न उच्चारता अख्ख्या खोलीत हशा पिकला. मी डाव्या हाताने चालीचे तेच दोन छोटे तुकडे फिरवत राहिले. इथे साथीदार धीराचा हवा. हशा पूर्ण विरायची वाट पाहिली तर गाणं थंड पडतं, आणि तो चढत असताना घुसलात तर पुढची ओळ वाया जाते. हशा उतरणीला लागला की आत यायचं. ती बरोबर तिथे आली.

स्वतः न हसता हसवणं मी ब्रॉडवेकडून शिकले नाही. माझी आजी सांगलीची, नाटककार गो. ब. देवलांच्या हरिपूरपासून हाकेच्या अंतरावर वाढलेली. तांदूळ निवडता निवडता ती देवलांच्याच 'संगीत शारदा'मधलं 'म्हातारा इतुका न' म्हणायची. कोवळ्या शारदेशी लग्न करायला निघालेल्या म्हाताऱ्याचं ते 'कौतुक': एवढा काही म्हातारा नाही हो, सगळं मिळून पाऊणशे वयमान! आजीच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. आम्ही पोरं हसून लोळायचो, आणि ती सुपातला खडा शोधत राहायची. १८९९चं नाटक, बालविवाहासारखा जळजळीत विषय, आणि घाव घातलाय तो असा स्तुती करत. गाणारा स्वतः हसला की तो घाव बोथट होतो. न्यूयॉर्कमधल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी आजीचा तो चेहरा सांगते.

अगदी निश्चल उभं राहून गाणाऱ्यांसाठी माझ्याकडे आणखी एक आवडतं गाणं आहे: रॉजर्स आणि हार्ट यांचं 'टू कीप माय लव्ह अलाइव्ह'. १९४३मध्ये 'अ कनेक्टिकट याँकी'चं पुनरुज्जीवन झालं तेव्हा ते नव्याने लिहिलं गेलं. एक बाई एकापाठोपाठ एक नवरे कसे संपवले ते गोड, सालस चालीत सांगते. प्रत्येक अंतऱ्यात नवा नवरा, नवी तऱ्हा. नाटकाची गोष्ट ठाऊक असण्याची काही गरज नाही. त्याचे शब्द लिहिणारा लोरेन्झ हार्ट प्रयोग सुरू झाल्यावर आठवड्याभरातच वारला. इतक्या दुःखात बुडालेल्या माणसाने इतक्या हलक्या हाताने यमकं जुळवली, हे मला दर वेळी पियानोवर बसल्यावर जाणवतं. गोष्ट सांगायची हौस असेल तर 'शी लव्हज मी'मधलं (१९६३) 'अ ट्रिप टू द लायब्ररी' पाहा. वाचनालयाची पायरीही न चढलेली बाई तिथे जाते आणि तिचं आयुष्य पालटतं.

पट्टीबद्दल एकच सांगते, पण हे ऐकाच. छापील पट्टीत गायचा हट्ट नको. विनोदी गाणं बोलण्याच्या सुरात बसलं पाहिजे. आवाज वर चढला की शब्द गोल होतात, व्यंजनं विरघळतात, आणि विनोद असतो तो ओळीच्या शेवटच्या शब्दात. शब्दफेक आधी, आवाज मागून. बहुतेकींना मी दोन-तीन सूर खाली आणते. सुरुवातीला त्यांना आपण काहीतरी गमावतोय असं वाटतं. हशा आला की वाटत नाही.

आणि हे गाणं कार्यक्रमाच्या अगदी सुरुवातीला ठेवू नका. लोक अजून पेयं मागवत असतात, वेट्रेस टेबलांमधून फिरत असते. तिसरं किंवा चौथं ठेवा, आणि त्याच्या लगेच नंतर एखादं शांत, दुखरं गाणं. मनमोकळं हसलेला प्रेक्षक त्या गाण्यासाठी सगळ्यात जास्त तयार असतो.

तर पहिल्या तालमीला याल तेव्हा दोन-तीन गाणी आणा, एक नको. पानं पाठपोट छापून फाइलमध्ये लावलेली, सुटी नकोत. पियानोचं झाकण मी सुरुवातीला उघडणार नाही. तुम्ही माझ्यासमोर खुर्चीवर बसायचं आणि शब्द नुसते मला सांगायचे, शेजारणीला सांगतो तसे. ज्या गाण्यावर मला हसू येईल, त्याची पट्टी शोधू.