फिट आहे, एवढंच

साध्या कपड्यातल्या हवालदाराने मुलाच्या मानसिक तपासणीसाठी आलेलं बाल न्याय मंडळाचं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. “मॅडम, फिट आहे एवढं लिहून द्या, चारची एसटी धरायचीय.” सोबत सतरा वर्षांचा मुलगा, बारावीतला. शेजारच्या लहान मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप, पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागलेला.

अशा पत्राला दोन ओळींचं उत्तर देण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम १५ मात्र वेगळंच विचारतं. निर्घृण गुन्हा, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेचा, आणि मुलगा सोळा ते अठराचा असेल तर मंडळाने आधी पाहायचं: गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, आणि तेव्हाची परिस्थिती. खटला मंडळापुढेच राहणार की मोठ्या माणसासारखा बाल न्यायालयात चालणार, ते यावरून ठरू शकतं. त्याने केलं की नाही, हा माझा प्रश्न नाही. कबुली घ्यायला मी बसलेली नाही, हे मी त्याला सुरुवातीलाच सांगितलं.

बिने-कामत चाचणीत बुद्धी सर्वसाधारण. मनोविकाराची लक्षणं नाहीत. बाहेर आईने माझा हात धरला, “बाई, याचं डोकं फिरलंय असं लिहा ना, सुटंल पोरगं.” तिला कसं समजवायचं की खोटं लिहिणार नाहीच, पण लिहिलं तरी तो घरी येईल असं नाही?

खरी अडचण ‘परिणाम’ या शब्दापाशी येते. चाचणी आजची बुद्धी सांगते, त्या दुपारची समज नाही. म्हणून त्याच्याबद्दल न विचारता मी गोष्ट रचली: एका मुलाने लहान मुलीला असा त्रास दिला, तर काय होईल?

“त्याचे वडील बदडतील. पोलीस नेतील. गावात तोंड दाखवता येणार नाही.”

“आणि मुलीचं?”

तो बराच वेळ बोटं मोडत बसला. “लहान आहे ना मॅडम. विसरेल ती.”

उत्तर पाठ केलेलं वाटलं नाही, उर्मटही नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. गुरुग्रामच्या शाळेतल्या खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलंय की परिणाम म्हणजे तत्काळ घडलं तेवढंच नव्हे. पीडिताच्या घरच्यांवर, स्वतः आरोपी मुलावर पुढे काय ओढवतं, तेही त्यात आलं. या मुलाला त्यातलं स्वतःपुरतं सगळं कळत होतं.

अहवालात मी हे त्याच्याच शब्दांत लिहिलं. ‘प्रौढ समजावं’ किंवा ‘समजू नये’ असं लिहिलं नाही. तो निर्णय मंडळाचा. खटला कुठेही चालो, निरीक्षणगृहात नियमित समुपदेशन व्हावं आणि त्याची सुरुवात ‘विसरेल ती’ या वाक्यापासून व्हावी, अशी शिफारस केली. पत्रात मुलीबद्दल चकार शब्द नव्हता. तिचं समुपदेशन सुरू आहे का, हे शेवटी मीच विचारलं.