‘जिव्हाळा’ची पाटी, आठवडा सहावा: ळ एकदाचा बसला

आत्याच्या घराची पाटी करायला घेतली त्याला या रविवारी सहा आठवडे झाले. शब्द एकच, ‘जिव्हाळा’. तयार फाँट वापरायचा नाही, अक्षरं इंकस्केपमध्ये (चित्रं काढायचं मोफत सॉफ्टवेअर) स्वतः काढायची, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. ज आणि व्ह लवकर उरकले. ळ ने मात्र तीन आठवडे घेतले, त्यामुळे ही नोंद बरीचशी त्याचीच आहे.

आधी सोपी वाट धरली होती. बोरूने (तिरकं टोक कापलेली लेखणी) कागदावर ळ काढला, फोनने फोटो घेतला आणि ट्रेस बिटमॅपकडे, म्हणजे फोटोवरून आपोआप रेघा काढणाऱ्या सोयीकडे दिला. दूरून छान दिसत होता. नोड टूल घेऊन (एन दाबा) सगळं निवडलं, तर खालच्या पट्टीत १३७ नोड, म्हणजे रेघ ज्यांच्यातून जाते ते बिंदू! कागदाची खरखर, शाई फुटलेली जागा, सगळं त्यात उतरलं होतं. मग नोड कमी करणारं सिम्प्लिफाय, म्हणजे कंट्रोल-एल. हे लागोपाठ पटापट दाबलं की दर वेळी जास्त जोराने काम करतं. मी तीनदा दाबलं आणि दांडीचे टोकदार कोपरे गोल होऊन बसले. शेवटी फोटो खालच्या लेयरवर ठेवला, फिका केला, लेयरला कुलूप लावलं आणि वरून पेन टूलने (बी) नव्याने सुरुवात केली. अक्षरांसाठी हाच रस्ता खरा, असं आता माझं ठाम मत झालं आहे. ट्रेस डोंगर-झाडांसाठी ठीक आहे.

नोड टाकायचे ते वळणाच्या टोकांवर: सगळ्यात डावीकडे, सगळ्यात उजवीकडे, सगळ्यात वर, सगळ्यात खाली. तिथली हँडल (नोडमधून निघणारे, वळण ठरवणारे दांडे) अगदी आडवी किंवा अगदी उभी ठेवायची. कंट्रोल धरून ओढलं की हँडल १५ अंशांच्या टप्प्यांनी फिरतं, त्यामुळे सरळ ठेवायला त्रास नाही. पाथ (नोडांनी बनलेली रेघ) आधीच काढलेला असेल, तर नोड टूलच्या वरच्या पट्टीत नोड वाढवायच्या बटणाशेजारी छोटा बाण आहे. त्यात कमाल एक्स, किमान वाय अशा टोकांवर नोड घालायची सोय मिळते. इंकस्केपचं वर्तुळ पाथमध्ये बदलून पाहा, चारच नोड दिसतील आणि प्रत्येक हँडल त्रिज्येच्या साधारण ५५ टक्के लांबीचं असेल. हे प्रमाण डोळ्यांत बसवलं की वळण कुठे चपटं झालंय आणि कुठे फुगलंय ते लगेच कळतं.

आता ळ चा मुख्य घोळ. शिरोरेषेतून एक आखूड दांडी खाली येते आणि तिच्या दोन बाजूंना दोन वाटोळे. डावा वाटोळा मनासारखा जमला, म्हणून त्याची प्रत काढून एच दाबून आडवी उलटवली आणि उजवीकडे लावली. मोजमाप अचूक होतं, तरी अक्षर मेलेलं वाटत होतं. दोन दिवस मी दांडीच इकडे-तिकडे सरकवत बसलो. मग पुन्हा बोरू हातात घेतला आणि उत्तर कागदावर सापडलं. देवनागरीच्या बोरूचा छेद रोमन टाकाच्या उलट बाजूला असतो. गोल फिरवलं की जाडी पडते ती वर-डावीकडे आणि खाली-उजवीकडे, आणि ती दोन्ही वाटोळ्यांत तिथेच पडते. आरशातल्या प्रतीत जाडी वर-उजवीकडे गेली होती, जिथे बोरू ती कधीच टाकणार नाही. उपाय एकदम साधा निघाला: प्रत उलटवायची नाही, अर्धा फेरा फिरवायची. कंट्रोल आणि डावा चौकटी कंस, दोनदा. १८० अंशांत जाडीच्या जागा शाबूत राहतात. ज्या क्षणी फिरवली त्या क्षणी ळ जिवंत झाला. कॅलिग्राफी टूल वापरणाऱ्यांनीही हे जपावं. तिथे कोन मुळात धन ३० असतो, देवनागरीसाठी तो ऋण करावा लागतो. मी उणे ४५ वर ठेवतो.

जाडी तपासायला मी एक वर्तुळ वापरतो. दांडी ९ मिलिमीटर रुंद आहे, म्हणून ९ मिलिमीटर व्यासाचं लाल वर्तुळ करून ते रेघेच्या आतून सरकवत न्यायचं. बारीक जागी ते बाहेर डोकावतं, जाड जागी दोन्हीकडे फट राहते, आणि ते डोकावणं दोन्ही वाटोळ्यांत सारखं आहे ना ते बघायचं. वाटोळ्याची सगळ्यात जाड जागा दांडीपेक्षा किंचित जास्त ठेवली आहे. बरोबर ९ ठेवली तर डोळ्यांना ती हडकुळी वाटते.

शब्दात उभे दंड चार: वेलांटीचा, ज चा आणि दोन काने. एक काढून बाकी तीन क्लोन केले, म्हणजे मूळाशी जोडलेल्या प्रती (ऑल्ट-डी). एकाचं टोक तासलं की चारही तासले जातात.

गेल्या शनिवारी रेडियमच्या दुकानात नमुना कापून आणला. दुकानात कोरल (चित्रांचं दुसरं सॉफ्टवेअर) होतं, पीडीएफ दिली, वळणं जशीच्या तशी उघडली. पण शिरोरेषा आणि काने वेगवेगळे पाथ होते. प्लॉटरचं, म्हणजे रेडियम कापणाऱ्या यंत्राचं पातं प्रत्येक पाथच्या कडेने फिरतं, त्यामुळे जिथे ते एकमेकांवर चढले होते तिथे आरपार चिरा पडल्या. सोलताना पहिला काना सुटून हातात आला. आता कापायला द्यायची फाइल वेगळी ठेवली आहे. तिच्यात आधी क्लोन तोडायचे (शिफ्ट-ऑल्ट-डी), नुसत्या स्ट्रोकच्या रेघा असतील तर त्यांचे पाथ करायचे (कंट्रोल-ऑल्ट-सी), मग सगळं निवडून युनियन, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच पाथ. शेवटी कंट्रोल आणि नंबर पॅडवरच्या ५ ने नुसत्या कडा बघायच्या. आत एकही आडवी-उभी रेघ दिसता कामा नये. मूळ फाइलीला हात लावायचा नाही, कारण युनियननंतर दंड पुन्हा सुटे मिळत नाहीत.

ळ सध्या २२ नोडांवर आहे. व्ह मध्ये अर्धा व ह ला चिकटतो तिथे काळा ठिपका साचल्यासारखा दिसतोय. इंकस्केपच्या १.३ आवृत्तीपासून आलेल्या शेप बिल्डरने (आकारांचे तुकडे जोडायचं-काढायचं टूल) तिथली पाचर काढून बघितली, पण मग जोड तुटल्यासारखा वाटतो. या आठवड्यात तेवढंच करणार आहे. कुणी जोडाक्षरांची अशी जागा मोकळी केली असेल, तर किती मिलिमीटर सोडलं ते जरूर सांगा. माझी अक्षरं १२० मिलिमीटर उंच आहेत.