आई पडली, एवढंच तो सांगत होता

१०८ वर फोन घेताना मला कुणी सहसा ‘स्ट्रोक’, म्हणजे मेंदूचा झटका, असं म्हणत नाही. चक्कर आली, बीपी वाढलं, वारं गेलं, बोबडं बोलतात, असंच ऐकू येतं. त्या सकाळी सात वाजून गेले होते. जुन्नर तालुक्यातल्या एका वस्तीवरून मुलगा म्हणाला, “मॅडम, आई अंगणात पडली. कंबरेला लागलंय.”

मी विचारलं, “दादा, घसरल्या का?”

मागून सून म्हणाली, “नाही ओ, उजवा पाय ओढतच येत होत्या.”

मग मी कंबरेचं बाजूला ठेवलं. हसायला सांगा म्हटलं. तोंड एका बाजूला गेलं होतं. दोन्ही हात वर धरायला लावले, उजवा खाली आला. गावाचं नाव विचारायला सांगितलं, तर फोनवर आवाज आला, पण त्यात शब्द नव्हता.

रुग्णवाहिका वस्तीकडे निघाली. तेवढ्यात कुणीतरी रक्त पातळ करायची गोळी आणली. ती मी थांबवली. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली काय किंवा मेंदूत रक्तस्राव झाला काय, बाहेरून सारखंच दिसतं. सीटी स्कॅनशिवाय फरक कळत नाही, आणि रक्तस्रावात ती गोळी घातक. पाणीही नको, गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर झोपवा म्हटलं. मधुमेहाची औषधं चालू होती. साखर उतरली तरी असंच दिसू शकतं, म्हणून गाडीतल्या डॉक्टरांना आधी साखर बघायला सांगितलं.

आता वेळ. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि ते तास पडल्यापासून नव्हे, माणूस शेवटचा धड होता तेव्हापासून मोजतात. मुलगा म्हणाला, “रात्री जेवली तेव्हा बरी होती.” म्हणजे हातातून सगळं गेलंच होतं! मी सुनेला फोन द्यायला लावला.

“ताई, आज सकाळी काही बोलल्या का?”

“हो, दूध तापव म्हणाल्या. पावणेसहा झाले होते, मी मोबाइल बघितला होता.”

“नीट बोलल्या? चालत होत्या?”

“अगदी नीट.”

म्हणजे सव्वादहापर्यंत वेळ होता. जवळच्या दवाखान्यात सीटी नव्हता. जिथे होता तिथे आधी कळवलं. गाडीतल्या डॉक्टरांना मी पावणेसहाची वेळ दोनदा सांगितली, त्यांनी ती परत म्हणून दाखवली. गाडी वस्तीवर पोचली तेव्हा मुलगा आईबरोबर निघायला गाडीपाशी उभा होता. मी म्हटलं, दादा, तुम्ही मागून या, सुनेला गाडीत बसवा. तिकडे पहिला प्रश्न वेळेचाच होणार, आणि उत्तर तिच्याकडेच आहे.