स्पीडगनला निधी द्या

आज महामार्गावर शाळेसमोर पोलिसांची वेग तपासणारी इंटरसेप्टर गाडी उभी होती. हवालदारांनी पोरांना स्पीडगन दाखवली. लेझरचे किरण एकामागून एक गाडीवर आदळून परत येतात, त्यांना लागणारा वेळ कसा बदलतो, त्यावरून वेग निघतो. ती गाडी होती तोवर ट्रक, कार सगळे शिस्तीत! पोरं निवांत रस्ता ओलांडत होती, बघून फार बरं वाटलं. मग ती इंटरसेप्टर पुढच्या गावाला गेली. आमच्या तालुक्यात दुसरी नाही.

जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पोलिसांना वाहनं, सीसीटीव्ही मिळतात, तशा स्पीडगनही मिळाव्यात. देखभालीचे पैसेसुद्धा धरा, कारण २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे अशा उपकरणाचं मान्यता प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. पुढच्या बैठकीआधी त्यांना निवेदन देतोय. सह्यांसाठी उद्या संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर या.