रंभा: चिल्काच्या दक्षिण टोकाला दोन दिवस, आणि भोसल्यांची हद्द ओलांडून पुरीकडे

चिल्का म्हटले की बहुतेक मराठी प्रवासी पुरीहून सातपाड्याला जातात, डॉल्फिन पाहतात आणि संध्याकाळी परततात. रंभा सरोवराच्या अगदी दुसऱ्या टोकाला, दक्षिणेकडे, गंजाम जिल्ह्यात आहे. इथे डॉल्फिन दिसत नाहीत. हे आधीच सांगितलेले बरे, कारण रंभाच्या जेटीवर सगळ्यात जास्त हिरमोड याच एका गोष्टीने होतो. इरावती डॉल्फिनचा वावर मुख्यतः समुद्राकडच्या वाहिनीत, सातपाड्याच्या बाजूला असतो. इथे आहेत ती खडकाळ बेटे, पाण्यापर्यंत उतरलेले डोंगर, एक सव्वादोनशे वर्षांचा वाडा आणि एक विसरलेली सरहद्द.

सरहद्द अर्थातच आपल्या ओळखीची. १७५१ नंतर ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे आला. उत्तरेला सुवर्णरेखा आणि दक्षिणेला चिल्का ही त्या मुलखाची ढोबळ हद्द. चिल्काच्या दक्षिणेचा गंजाम १७६६ पासून ईस्ट इंडिया कंपनीकडे, मद्रास इलाख्यात. म्हणजे रंभाच्या काठावर उभे राहून उत्तरेला पाहिले की समोरच्या पाण्यापलीकडे भोसल्यांचे राज्य होते. १८०३ मध्ये ते गेले, तरी हद्द पुसली गेली नाही: गंजाम मद्रासकडे आणि कटक-पुरी बंगालकडे, असा कारभार पुढे कितीतरी वर्षे चालला. १ एप्रिल १९३६ ला ओडिशा प्रांत झाला तेव्हा कुठे सरोवराचे दोन्ही काठ एका कारभाराखाली आले. रंभातल्या दुकानांत ओडियाबरोबर तेलुगू सहज ऐकू येते, ते यामुळेच.

पोहोचायचे कसे? मुंबई-पुणे-सोलापूरकडून सरळ गाडी म्हणजे कोणार्क एक्स्प्रेस. तिने ब्रह्मपूरला उतरावे (जुन्या लोकांच्या तोंडी अजून बरहमपूर). तिथून रंभा सुमारे ४५ किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग १६ वर. विमानाने आल्यास भुवनेश्वरहून सुमारे १३० किलोमीटर. रंभाला रेल्वे स्टेशन आहे, पण मोजक्याच गाड्या थांबतात; त्या भरवशावर पुढचे आरक्षण करू नये. मात्र एकदा तरी या पट्ट्यातून दिवसाउजेडी रेल्वेने जावे. रंभा ते बालुगाव रूळ डोंगर आणि सरोवर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून जातात. ब्रह्मपूरहून भुवनेश्वरकडे जाताना पाणी उजव्या हाताला येते, परतताना डाव्या. आरक्षण करताना खिडकी त्या हिशेबाने निवडावी. पाट्यांवर ‘चिलिका’ असे दिसेल; चिल्का तेच.

मुक्काम रंभातच करावा, बालुगावला नाही. पर्यटन महामंडळाचे पांथनिवास पाण्याला लागून आहे आणि बोटी तिथूनच सुटतात, त्यामुळे उजाडताच निघता येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. त्यातही डिसेंबरअखेरचा आणि मकर संक्रांतीचा आठवडा टाळता आला तर उत्तम, कारण तेव्हा सहलींची झुंबड असते. ऑक्टोबर दिसायला सुंदर, पण वादळाचा महिना. २०१३ चे फायलिन १२ ऑक्टोबरला इथून जवळच गोपाळपूरपाशी किनाऱ्यावर आदळले होते. त्या महिन्यात आरक्षण केले तर रद्द करण्याची सोय पाहूनच करावे.

पहिली सकाळ पाण्यावर. बोट ठरवताना ‘पूर्ण फेरी’ किंवा ‘सगळी बेटे’ असे मोघम बोलू नये. फसगत तिथेच होते. कोणती बेटे, कुठे उतरायचे, कुठे नुसते बाजूने जायचे आणि एकूण किती तास, हे चार मुद्दे आधी ठरवावेत. बीकन, ब्रेकफास्ट आणि हनीमून ही तिन्ही बेटे नीट पाहायची तर चार तास हाताशी ठेवावेत. नावांचाही घोळ आहे. हनीमून म्हणजे बरकुडा किंवा बडकुडा, जेटीपासून सुमारे पाच किलोमीटर. ब्रेकफास्टला सानकुडा म्हणतात, पण कोणी त्यालाही बडकुडा म्हणतो. ओडियात ‘बड’ म्हणजे मोठे, ‘सान’ म्हणजे लहान. नावाड्याला इंग्रजी आणि ओडिया दोन्ही नावे सांगावीत. सकाळी सहा-साडेसहाला निघावे. दुपारी वारा उठला की उथळ पाण्यावर आखूड, उभ्या लाटा तयार होतात आणि परतीच्या वाटेत माणसे भिजून निघतात. उन्हाळ्यात दक्षिणेचा वारा याहून जोरदार असतो. लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे बांधायचे असते. बसायला उशी म्हणून घेण्याची पद्धत सर्वत्र आहे, ती पाळू नये.

दक्षिण भागात पाणी तुलनेने स्वच्छ असते आणि तळाची शेवाळे व पाणगवत वरून दिसते. तेच गवत पंख्यात अडकते. इंजिनाचा आवाज एकदम जड झाला आणि बोट मंदावली की नावाडी इंजिन बंद करून पंखा वर उचलतो आणि गवत हाताने सोडवतो. पाच मिनिटांचे काम, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र त्या वेळी सगळ्यांनी एका बाजूला झुकून पाहायला जाऊ नये, बोट कलते.

बीकन बेट म्हणजे बेट कसले, घंटाशिळा टेकडीजवळ पाण्यातून वर आलेला एक खडक. त्यावर एक छोटे बांधकाम आणि त्याच्या वर निमुळता होत गेलेला खांब. खांबाच्या टोकावर दिवा लावायचा, अशी ही योजना. बांधणारा टॉमस स्नॉडग्रास, कंपनीचा गंजामचा अधिकारी. खडकाच्या पाण्यालगतच्या कडेला शेवाळ असते आणि ओल्या दगडावर सपाट तळव्याची चप्पल हमखास घसरते. नाव पूर्ण टेकेपर्यंत पाय टाकू नये, आणि टाकायचा तो कोरड्या, फिकट दिसणाऱ्या दगडावर. भिंतींवर नावे कोरणाऱ्यांनी आपले काम चोख केले आहे. फोटोसाठी सकाळचे ऊन पाठीशी ठेवून, पश्चिमेचे डोंगर मागे येतील असे उभे राहावे.

ब्रेकफास्ट बेटावर खल्लिकोटच्या राजाने बांधलेल्या बंगल्याचे अवशेष आहेत आणि भरपूर झाडी. पडक्या भिंतींच्या आत शिरू नये. विंचू-सापांचा प्रश्न आहेच, शिवाय सुटलेले दगड. पण अभ्यासकाला खरे महत्त्वाचे बेट बरकुडा. १९१४ च्या सुमारास प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल आणि स्टॅनली केम्प यांनी चिल्काच्या जीवसृष्टीची पद्धतशीर पाहणी सुरू केली. पुढे १९१६ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था स्थापन झाली, तिचे पहिले संचालक हेच अ‍ॅनंडेल. १९१७ मध्ये त्यांनी बरकुडावरून पाय नसलेल्या, मातीत राहणाऱ्या एका सरड्याच्या कुळातल्या प्राण्याची नोंद केली. बेटाच्या नावावरून त्याला बरकुडिया इन्सुलॅरिस असे नाव मिळाले. तो दिसेल या आशेने दगड उलटत बसू नये. गांडुळासारखा जमिनीखाली राहणारा जीव आहे, आणि उलटलेला दगड कोणी परत जागेवर ठेवत नाही.

परतताना नावाड्याला वाड्यासमोरून बोट हळू न्यायला सांगावे. रंभाचा वाडा पाण्यावरून पाहण्यासाठीच बांधलेला आहे, जमिनीवरून त्याची मांडणी कळत नाही. १७९१-९२ चे हे बांधकाम, स्नॉडग्रासचेच. कंपनीच्या पैशांचा गैरवापर करून त्याने हा थाट उभारला, असा ठपका त्याच्यावर होता आणि त्याची नोकरी गेली. पुढची आख्यायिका चवीने सांगितली जाते: निवृत्तिवेतन नाकारले म्हणून हा गृहस्थ लंडनमध्ये कंपनीच्या कचेरीसमोरचा रस्ता झाडत बसला, लाजेने संचालकांनी वेतन मंजूर केले, आणि दुसऱ्या दिवशी तो चार घोड्यांच्या गाडीतून आभार मानायला आला. खरे-खोटे कोणी पाहिले. पण वाडा पाहिल्यावर माणसाचा स्वभाव असाच असावा असे वाटते खरे. नंतर वाडा खल्लिकोटच्या राजघराण्याकडे गेला. राजा हरिहर मर्दराज यांच्या काळात ओडिया भाषक प्रदेश एकत्र आणण्याच्या चळवळीच्या बैठका रंभात झाल्या. त्याच प्रयत्नांतून डिसेंबर १९०३ मध्ये कटकला उत्कल संमिलनी या संघटनेचे पहिले अधिवेशन भरले. सरहद्दीच्या गावाला एकीकरणाची निकड आधी जाणवावी, हे साहजिकच. वाड्यात आता हॉटेल आहे. तिथे राहत नसाल तर आधी फोन करून, जेवणासाठी का होईना, परवानगी घेऊन जावे. दारावर जाऊन हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

दुपारी खल्लिकोटच्या बाजूला निर्मळझर. रंभाहून दहा-बारा किलोमीटर, डोंगराच्या पायथ्याशी झऱ्याचे पाणी देवळाच्या आवारातून वाहते. तासभर पुरे.

जेवणाचे एकच सांगणे: खेकडा किंवा चिंगुडी म्हणजे कोळंबी हवी असेल तर सकाळी बोटीवर जाण्याआधी सांगून ठेवावी. खइंगा मासा मिळाला तर सोडू नये. रोख पैसे जवळ असावेत, कारण जेटीवर आणि खेड्यांत मोबाइलचे नेटवर्क दगा देते.

दुसऱ्या दिवशी गाडी भाड्याने घेऊन निघावे, पण पुरीला महामार्गाने जाऊ नये. आधी हुम्मा. इथली मिठागरे जानेवारी ते जून चालतात. खारे पाणी आधी मोठ्या तळ्यात साठवतात, मग एकामागून एक उथळ वाफ्यांतून फिरवत आटवतात. समुद्राचे पाणी खारेपणा मोजणाऱ्या बॉमे मापकावर ३ अंशांच्या आसपास असते. २५ अंशांवर मीठ खाली बसू लागते. २९-३० अंशांच्या पुढे उरलेले पाणी काढून टाकावेच लागते. नाही काढले तर मॅग्नेशियमचे क्षार मिठात येतात, मीठ कडवट होते आणि पावसाळी हवेत पाणी सुटते. उन्हात आटवलेल्या या मिठाला ओडिशात करकच म्हणतात, आणि भट्टीवर उकळून काढलेले ते पांगा. वाफ्यांच्या बांधावरून चालताना मधल्या मातीवर चालावे. कडा ढासळली तर कामगाराची अर्ध्या दिवसाची मेहनत वाया जाते. जवळच गंजाम गावी ऋषिकुल्येच्या मुखाशी पोटागड आहे. कंपनीचा पहिला रेसिडेंट एडवर्ड कॉट्सफर्ड याने १७६८ मध्ये बांधलेला हा किल्ला पडका आहे; पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट घालून जावे, झुडपे काटेरी आहेत.

हुम्मा-गंजामच्या बाजूने पालूरकडे वळले की चिल्का आणि समुद्र यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर येतो. वाटेत पालूर कालवा लागतो. दक्षिण चिल्का ऋषिकुल्येच्या मुखाशी जोडणारा हा कालवा. प्राचीन भूगोलकार टॉलेमीने उल्लेखलेले पालौरा बंदर इथेच असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे प्रयागी, माळूद, मग जान्हीकुडा. १८०३ च्या सप्टेंबरात कंपनीच्या कर्नल हारकोर्टची फौज गंजामहून निघाली ती याच पट्टीवरून. डोंगरातली वाट टाळली, कारण एका बाजूला सरोवर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असल्यावर बगलेची काळजी उरत नाही. अडचण होती ती वाहिनी ओलांडण्याची. माणिकपाटण्याला मराठ्यांची चौकी होती आणि भर पावसाळ्यात तोफा पलीकडे नेणे सोपे नव्हते. माळूदचा फत्ते महंमद इथे कंपनीला सामील झाला, त्याने वाट दाखवली. १४ सप्टेंबरला फौज माणिकपाटण्याला पोहोचली आणि १८ ला पुरी पडली. १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबाटी किल्ला गेला, आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक प्रांत सोडला. फत्ते महंमदला माळूदची जमीन साराविना इनाम मिळाली.

या वाटेवर फारशी हॉटेले नाहीत, म्हणून पाणी आणि न्याहारी रंभाहूनच घ्यावी, आणि पेट्रोल महामार्गावर भरून घ्यावे. जान्हीकुड्याहून सातपाड्याला मोटारी नेणारी फेरी आहे. तिच्या वेळा ठरलेल्या असतात आणि जागा मर्यादित. शेवटच्या फेरीवर विसंबू नये. ती चुकली तर सगळा पट्टा उलट पार करून महामार्गावर यावे लागते. दुपारी दोनपर्यंत धक्क्यावर पोहोचलात तर रांग लागली तरी चालते. रांगेत गाडी उभी करून चालकाला तिथेच थांबवावे, कारण रिकामी गाडी दिसली की मागचे पुढे घुसतात.

फेरीवर उत्तरेच्या कठड्यापाशी उभे राहावे. हीच ती वाहिनी, आणि डॉल्फिन दिसले तर इथेच दिसतात, वेगळी बोट न करता. २३ सप्टेंबर २००० ला सिपकुडापाशी समुद्राकडे नवे मुख खोदले गेले, तेव्हापासून पाण्याची ये-जा सुधारली. गाळाने आणि गोड्या पाण्यातल्या तणाने घुसमटलेले चिल्का १९९३ मध्ये रामसर कराराच्या धोक्यातल्या पाणथळ जागांच्या यादीत गेले होते, ते २००२ मध्ये त्यातून बाहेर आले. सातपाड्याला उतरल्यावर पुरी सुमारे ५० किलोमीटर राहते; अंधारात रस्त्यावर गुरे बसलेली असतात, चालकाला घाई करायला सांगू नये.